नगराचे गाऱ्हाणे : मुंबई महापालिका आणि कायदेमंडळ (१८७२–१९०७)

‘लॉबिंग’ या शब्दाला मराठीत प्रतिशब्द नाही, असे सांगितले जाते. हे विधान तपासून पाहण्यासारखे आहे. सत्ताधीशापाशी दुसऱ्याच्या वतीने शब्द टाकणे या अर्थाचा ‘रदबदली’ हा शब्द आपल्याकडे जुना आहे. ‘शिष्टाई’ आहे, आणि थोड्या हलक्या अर्थाने ‘वशिला’ही आहे. पण आम्हांला प्रस्तुत विषयासाठी सर्वांत उपयोगी वाटतो तो ‘गाऱ्हाणे’ हा शब्द. कोकणात देवापुढे गाऱ्हाणे घातले जाते तेव्हा बोलणारा एकच असतो. सारे गाव भोवती उभे असते आणि प्रत्येक मागणीनंतर ‘होय महाराजा’ म्हणते. मागणे सर्वांच्या नावाने होते. काय मागायचे आणि आधी काय मागायचे, हे मात्र गाऱ्हाणे घालणाऱ्याच्या मुखी असते.

एखादे नगर कायदेमंडळापुढे उभे राहते तेव्हा नेमके हेच घडते. नगराच्या गरजा असंख्य असतात. राज्यकर्त्यांपुढे मांडता येतात त्या चारदोनच. मग त्या चारदोन कोणी निवडल्या, कोणत्या निकषावर निवडल्या आणि ज्या मागे पडल्या त्यांचे पुढे काय झाले, हे प्रश्न राजकीय इतिहासाइतकेच सामाजिक इतिहासाचेही ठरतात. या प्रश्नांचा विचार करण्यासाठी १८७२ ते १९०७ या काळातील मुंबई महापालिकेचे उदाहरण आम्ही येथे घेत आहोत. या पस्तीस वर्षांत मुंबईने सरकारकडे जे मागितले त्याचा क्रम बऱ्यापैकी स्पष्ट दिसतो, आणि या काळाच्या शेवटी तिच्या पदरात जे पडले त्याचा मराठी साहित्याशीही दूरचा पण खरा संबंध आहे.

सभागृह कोणाचे?

१८६५ च्या कायद्याने मुंबईत म्युनिसिपल कमिशनर हे पद निर्माण झाले. त्यावर आलेले आर्थर क्रॉफर्ड हे कर्तबगार आणि खर्चिक अधिकारी होते. त्यांच्यावर देखरेख करायची ती सरकारने नेमलेल्या ‘जस्टिस ऑफ द पीस’ या मानकऱ्यांनी. ती देखरेख फारशी परिणामकारक नव्हती. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर कापसाची तेजी ओसरली आणि १८६५ मध्ये मुंबईचा शेअरबाजार कोसळला. पालिकेचा खर्च मात्र वाढतच राहिला. १८७१ मध्ये करदात्यांचा असंतोष शिगेला पोहोचला. कमिशनरची सत्ता काढून घ्या, असा त्या चळवळीचा रोख होता.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये एका तरुण बॅरिस्टराने निबंध वाचला. त्याचे म्हणणे श्रोत्यांना मुळीच रुचले नाही. एका व्यक्तीच्या हाती कार्यकारी सत्ता आहे यात दोष नाही. तिला जाब विचारणारी, करदात्यांनी निवडलेली सभा नाही, हा खरा दोष आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. हा तरुण म्हणजे फिरोजशहा मेहता. पुढील चार दशकांत मुंबई महापालिकेचे गाऱ्हाणे मुख्यत्वे त्यांच्याच मुखाने मांडले जाणार होते.

१८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची महापालिका अस्तित्वात आली. त्यांपैकी ३२ करदात्यांनी निवडलेले, १६ जस्टिसांनी निवडलेले आणि १६ सरकारने नेमलेले होते. निम्मे सभासद लोकनियुक्त असणे ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. पण ‘लोक’ या शब्दाची व्याप्ती ध्यानात घ्यायला हवी. १८७२ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ६,४४,४०५ होती. मताचा अधिकार असलेले करदाते काही हजारच होते. चाळीत एका खोलीत राहणारा गिरणी कामगार घरभाडे देत असे आणि त्या भाड्यातून घरमालक घरपट्टी भरत असे. कर अखेरीस त्याच्याच खिशातून जाई; मतदारयादीत नाव मात्र मालकाचे. शिवाय सभागृहाचे कामकाज इंग्रजीत चाले. मतदारयादीची आणि भाषेची अशा दोन चाळण्यांतून जे खाली उतरेल तेच नगराचे मागणे ठरत होते.

मागणे ठरवण्याची पद्धतही समजून घेण्याजोगी आहे. सरकारकडून एखाद्या विधेयकाचा मसुदा आला, की महापालिका त्यासाठी आपल्या सभासदांची समिती नेमी. समितीचा अहवाल सभेपुढे येई, त्यावर चर्चा होई, आणि मग निवेदन सरकारकडे जाई. मात्र निवेदन पोहोचल्याने काम होत नाही, हे या मंडळींना चांगले ठाऊक होते. इलाख्याच्या कायदेमंडळात आपले म्हणणे मांडणारा माणूस तेथेच बसलेला असावा लागतो. विश्वनाथ नारायण मंडलिक, बद्रुद्दीन तय्यबजी आणि पुढे मेहता हे महापालिकेतही होते आणि कायदेमंडळातही. १८९२ च्या कौन्सिल कायद्यानंतर तर मुंबई महापालिकेला कायदेमंडळावर आपला प्रतिनिधी पाठवण्याचा मार्ग खुला झाला, आणि तो मान तिने मेहतांनाच दिला. जो मागणी लिहीत होता तोच ती वरच्या सभागृहात मांडत होता. याचा लाभ उघड आहे. त्याची किंमत काय होती, हे पुढे दिसेल.

पहिले मागणे : अधिकार

महापालिकेच्या मागण्यांत पहिले स्थान अधिकाराला होते. १८८७ मध्ये सरकारने मुंबईच्या महापालिका कायद्याचे नवे विधेयक आणले. मूळ मसुद्यात कमिशनरचे स्थान इतके बळकट केले होते, की महापालिका ही नगराची धनी न राहता कारभारातील एक भागीदार ठरली असती. कायदेमंडळात मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी या मसुद्याशी कलमागणिक झुंज दिली. लॉर्ड रे हे त्या वेळी गव्हर्नर होते. १८८८ मध्ये संमत झालेल्या कायद्यात, अन्यथा स्पष्ट तरतूद नसेल तेथे नगराचा कारभार महापालिकेच्या ठायी निहित आहे, असे तत्त्व आले. अंमलबजावणीची कार्यकारी सत्ता कमिशनरकडेच राहिली. पण मूळ स्वामित्व कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर सभागृहाच्या बाजूने लागले. सभासदसंख्या ७२ झाली आणि करदात्यांचे प्रतिनिधी ३६ झाले.

साहित्याच्या विद्यार्थ्याने हा कायदा एकदा तरी व्याकरणाच्या अंगाने वाचावा, असे आम्हांला वाटते. महापालिकेची कर्तव्ये त्यात दोन गटांत विभागली आहेत. ६१ व्या कलमातील कामे तिने केलीच पाहिजेत. ६३ व्या कलमातील कामे तिला करता येतील. मलनिस्सारण, रस्ते, दिवाबत्ती पहिल्या गटात. उद्याने आणि ग्रंथालये यांसारखी कामे दुसऱ्या गटात. ‘करावे’ आणि ‘करता येईल’ या दोन क्रियारूपांत नगराच्या जीवनाचा केवढा तरी भाग वाटला गेला आहे. पैसा अपुरा असतो तेव्हा ‘करता येईल’ या रूपाचा व्यवहारातील अर्थ ‘करायला नको’ असाच होतो. म्हणून कायदेमंडळापुढील झगडा बहुधा एखादे काम एका क्रियारूपातून दुसऱ्यात नेण्यासाठी असतो.

दुसरे मागणे : पोलिसांचा खर्च

अधिकारानंतर पैसा. मुंबई शहराच्या पोलिसांवर होणाऱ्या खर्चाचा मोठा भार महापालिकेवर होता. पोलीस कमिशनर सरकार नेमणार, शिपायांची संख्या सरकार ठरवणार, हुकूम सरकारचा चालणार, आणि खर्चाचा वाटा मात्र नगराने उचलायचा. ज्या खात्यावर आपला तिळमात्र ताबा नाही त्यासाठी करदात्याने पैसे का द्यावेत, हा महापालिकेचा प्रश्न तर्काला धरून होता. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या स्थानिक स्वराज्यविषयक ठरावानेही अशा भारातून नगरपालिकांना मोकळे करावे आणि वाचलेला पैसा त्यांनी शिक्षण, आरोग्य अशा स्थानिक कामांवर खर्चावा, ही दिशा दाखवली होती. मुंबईत मात्र १८८८ च्या नव्या कायद्यातही हा भार कायम राहिला आणि वाद पुढे वीस वर्षे चालला.

ही मागणी अग्रक्रमाने का आली? पहिले कारण असे, की ती अंदाजपत्रकात दरवर्षी एका ठसठशीत आकड्याच्या रूपाने समोर येत असे. दिनशा वाच्छांसारखे सभासद पालिकेचा हिशेब पैपैने तपासत; त्यांच्या नजरेतून असा आकडा सुटणे शक्य नव्हते. दुसरे कारण असे, की या मागणीवर सभागृहात फूट पडण्याचे कारण नव्हते. घरमालक, व्यापारी, वकील, युरोपीय आणि हिंदी या साऱ्यांचे हित त्यात एकच होते. एखाद्या संस्थेचे मागणे एकमुखी असावे असे सर्वांना वाटते, म्हणून जे एकमुखाने मागता येते तेच हळूहळू निकडीचे वाटू लागते. निकड आणि एकमत या मुळात वेगळ्या गोष्टी आहेत, याचे भान त्यात सुटते.

जे यादीत नव्हते

मग यादीबाहेर काय राहिले? गिरणगाव. १८७२ ते १८९१ या काळात मुंबईची लोकसंख्या ६,४४,४०५ वरून ८,२१,७६४ झाली. वाढलेली माणसे चाळींत दाटीवाटीने राहू लागली. तुळशीचे पाणी १८७९ मध्ये आणि तानसाचे १८९२ मध्ये शहरात आले, हे महापालिकेचे मोठेच काम. परंतु पाणी आणणे आणि घरे राहण्याजोगी करणे यांत फरक आहे. पाण्याच्या योजनेत घरमालकाचा तोटा नसतो. अंधाऱ्या खोल्या, कोंदट बोळ आणि मजल्यांवर चढवलेले मजले यांना कायद्याने आवर घालायचा म्हणजे त्याच्या भाड्याला हात घालावा लागतो. आणि मतदारयादीत मोठा भरणा होता तो घरमालकांचाच.

गिरणी कामगारांना मागणे मांडता येत नव्हते, असे मात्र कोणी समजू नये. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळ येथे कामगारांची सभा भरवली. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाचे ठरलेले तास, वेळेवर वेतन या मागण्यांचा अर्ज तयार झाला आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांनिशी तो फॅक्टरी कमिशनपुढे गेला. रविवारची सुट्टी मिळायला १८९० साल उजाडले. हा अर्ज आणि महापालिकेची निवेदने एकाच नगरातून, एकाच दशकात निघालेली आहेत. पण त्यांच्या वाटा कोठे मिळत नाहीत. ‘दीनबंधु’चे संपादक असलेले लोखंडे मराठीतून ज्या नगराविषयी बोलत होते, त्याला महापालिकेच्या सभागृहात जवळपास आवाजच नव्हता.

तो आवाज अखेर रोगाच्या रूपाने सभागृहात शिरला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात ग्रंथिक सन्निपाताचे रोगी आढळले. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा प्लेग असल्याचे निदान केले. ते स्वतः महापालिकेचे सभासद होते. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसे शहर सोडून गेली. फेब्रुवारी १८९७ मध्ये लोखंडेही प्लेगला बळी पडले. मार्च १८९७ मध्ये सरकारने जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली आणि महापालिकेच्या हातचे अधिकार तिच्याकडे गेले. १८९८ मध्ये कायद्याने ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. नवे रस्ते काढणे, दाट वस्त्या पाडणे, गरिबांसाठी घरे बांधणे ही त्याची कामे. त्याच्या १४ विश्वस्तांपैकी महापालिकेने निवडलेले होते अवघे चार, आणि वर्गणी मात्र महापालिकेने द्यायची होती.

ज्या अधिकारासाठी महापालिका १८८८ मध्ये झगडली होती, तो दहा वर्षांत घरांच्या प्रश्नावरून तिच्या हातून निसटला. घरांचा प्रश्न तिने स्वतःहून मागण्यांच्या वरच्या स्थानी ठेवला असता तर सरकारने ट्रस्ट आणलाच नसता, असे ठामपणे म्हणता येणार नाही. परकीय सरकारला स्वतःचीही कारणे होती. तथापि आपण जो विषय बाजूला ठेवतो तो कोणीतरी दुसरा उचलतो आणि आपल्या अटींवर उचलतो, हे येथे दिसते. ट्रस्ट महापालिकेत विलीन व्हायला १९३३ साल उजाडावे लागले.

किंमत म्हणून मिळालेले

पोलीस खर्चाचा वाद मिटला तो १९०७ च्या कायद्याने. सरकारने शहराच्या पोलिसांचा सारा खर्च स्वतःकडे घेतला. त्याच्या बदल्यात प्राथमिक शिक्षण, वैद्यकीय मदत आणि देवी टोचणे यांची जबाबदारी महापालिकेने पत्करली. प्राथमिक शाळांचा उल्लेख १८८८ च्या कायद्यात होताच, पण तोवर त्यात सरकारचीही भागीदारी होती. आता नगरातील प्राथमिक शिक्षण हे महापालिकेचे स्वतःचे काम झाले. १९२५ मध्ये एफ आणि जी या कामगारवस्तीच्या विभागांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाला प्रारंभ झाला.

या सौद्याकडे आज पाहताना एक गोष्ट आम्हांला विलक्षण वाटते. महापालिकेने अनेक वर्षे हट्टाने जे मागितले त्याची, म्हणजे पोलीस खर्चाच्या मुक्तीची, आता कोणाला आठवणही नाही. त्यासाठी किंमत म्हणून जे स्वीकारले ते मात्र नगराच्या जीवनात खोलवर रुजले. महापालिकेची मराठी शाळा ही गिरणगावातील मुलाची अक्षरांशी पहिली भेट होती. गिरणीत काम केलेले, पुढे महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई आणि नंतर शिक्षक झालेले नारायण सुर्वे मराठी कवितेत ज्या वाटेने आले, ती वाट या शाळांच्या आवारातून गेलेली आहे. १९०७ च्या कायद्याने कवी घडवला, असा भाबडा कार्यकारणभाव आम्हांला सुचवायचा नाही. पण मुंबईच्या कामगारवस्तीला मराठी साहित्यात स्वतःचा आवाज मिळाला, त्यामागे नगराच्या पैशावर चालणाऱ्या शाळांचे जाळे होते. साहित्याच्या इतिहासात ते क्वचितच नोंदले जाते.

अग्रक्रमाचा प्रश्न

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. पारतंत्र्यात आधी अधिकार मिळवणे हेच योग्य नव्हते काय? अधिकार नसलेल्या सभागृहाने घरांचा, शाळांचा ठराव केला तरी त्याचे काय मोल? मेहता-तेलंगांनी १८८८ मध्ये जे राखले त्याच्याच आधाराने पुढच्या पिढ्यांना काम करता आले, हे आम्हांला मान्य आहे. त्यांच्या झुंजीचे मोल कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. अडचण येते ती पुढच्या टप्प्यावर. अधिकार हे साधन आहे, असे म्हणून तो आधी मागितला जातो. पण तो मिळाल्यावर कशासाठी वापरायचा हे ठरवणारी माणसे तीच राहिली, तर साधन हेच साध्य होऊन बसते. १८८८ च्या कायद्याने सभागृहाला बळ दिले. सभागृहाबाहेर उभ्या असलेल्यांना आत येण्याची वाट तशीच अरुंद राहिली. महिना दहा रुपये भाडे भरणाऱ्याला मताचा अधिकार मिळाला तो १९२२ च्या कायद्याने, आणि प्रौढ मताधिकारावर निवडणूक झाली ती स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये.

या इतिहासाला आजचाही संदर्भ आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना संविधानात स्थान मिळाले. बाराव्या अनुसूचीत १८ विषय आले. परंतु ते विषय नगरांकडे सोपवणाऱ्या २४३-डब्ल्यू या अनुच्छेदाची भाषा ‘करता येईल’ अशी आहे. राज्याच्या विधिमंडळाला ते देता येतील, त्याने ते दिलेच पाहिजेत असे नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकात संपली. नगराच्या स्वतःच्या उत्पन्नाचा तो मोठा स्रोत होता. त्याच्या जागी राज्याने कायद्याने भरपाई देऊ केली. म्हणजे आपल्या हक्काच्या पैशासाठी नगराने राज्याकडे पाहायचे, ही जुनीच स्थिती नव्या रूपात आली. आणि मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपल्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ नगरसेवकांविना, प्रशासकाच्या हाती कारभार राहिला. त्या काळात नगराचे मागणे ठरवणारे सभागृहच नव्हते. १८७१ मध्ये फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये मांडलेला मुद्दा दीडशे वर्षांनी पुन्हा ताजा झाला, तो असा.

आपल्या महाविद्यालयांतून नगरसाहित्य शिकवले जाते. चाळ, झोपडपट्टी, गिरणी यांच्या चित्रणावर प्रश्न विचारले जातात, उत्तरे लिहिली जातात. त्याच्या जोडीला विद्यार्थ्यांनी आपापल्या नगरपालिकेने राज्य सरकारकडे धाडलेला एखादा ठराव मिळवून वाचावा, असे आम्ही सुचवू. त्यात कोणते वाक्य आधी आले आहे, क्रियापद कोणते आहे, आणि ज्या वस्तीविषयी आपण कथा-कविता वाचतो तिचा उल्लेख कितव्या परिच्छेदात येतो, की येतच नाही, हे पाहावे. ‘होय महाराजा’ म्हणण्याआधी गाऱ्हाणे ऐकून घेण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे, आणि ते नीट ऐकण्यासाठी जी भाषेची जाण लागते ती शिकवणे हे आपलेच काम आहे.